आईच्या वतीनं

बाईंनी लिहिलेल्या नाटकांच्या तालमीत नियम एकच होता. पाठ फिरवून कुणी बोलायचं नाही. रुसा, रडा, खिडकीशी जाऊन उभे राहा, हवं तर मरा. पण ओठ हलवायचे तर ते समोरच्या खुर्च्यांना दिसले पाहिजेत. नवा नट पहिल्या दिवशी गालात हसायचा, दुसऱ्या दिवशी कुरकुरायचा, तिसऱ्या दिवशी निमूट वळायचा. या नियमावर जाणकारांनी पानंच्या पानं खर्ची घातली होती. कुणाला त्यात जुन्या शोकांतिकांचा वारसा दिसला, कुणाला माणसाच्या चेहऱ्यावरची श्रद्धा. बाई कुणाला हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

खरं कारण पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसायचं, मांडीवर पिशवी घेऊन. बाईंची आई ठार बहिरी होती. तीस वर्षं कापडगिरणीच्या विणखात्यात मागावर उभी राहिलेली. मागांच्या खडखडाटानं कान कधी नेले तिलाही कळलं नाही. ती ओठ वाचायची. नाटक तिला दिसलं तरच ऐकू यायचं.

त्या दिवशी तालमीत दिग्दर्शक एका पोराला वळवून वळवून थकला होता. तेवढ्यात फोन आला. डोळ्यांचे डॉक्टर होते. आईचे अहवाल आले होते. बाई तशाच दवाखान्यात गेल्या.

"काचबिंदू आहे. एक डोळा तर कधीच गेलाय," डॉक्टर समोर बसवून म्हणाले, "आणि दुसऱ्याची नस सुकत आलीय. कडेकडेनं काळोख आत सरकतो. आत्ता त्यांना किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं दिसत असेल. मधलं तेवढं."

"किती दिवस?"

"तोंडानं महिना म्हणतो. तुम्ही पंधरवडा धरा."

बाईंनी हातातला रुमाल चार घड्यांचा केला, परत उलगडला. डॉक्टरांना वाटलं, आईसाठी रडतील. बाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या मनात दिवस मोजत होत्या. आईला एक गोष्ट सांगायची होती. अठ्ठेचाळीस वर्षं सांगायची होती. आज नाही उद्या, उद्या नाही या नाटकानंतर, असं करत करत सात नाटकं झाली. आता भोकाएवढा उजेड उरला होता, आणि तो मिटला की आईच्या आत शिरायला दार कुठलं? कान नाहीत. आई अक्षर शिकलेली नाही. बाई जगाला ऐकू जातील आणि एकट्या आईला जाणार नाहीत.

*

विणखात्यात दोनशे माग एकदम चालायचे. तिथं ओरडणारा मूर्ख ठरायचा. बायका ओठांनी बोलायच्या, आवाजाशिवाय, ओठ सावकाश आणि मोठे करून. मान, भुवया, बोटं मदतीला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चहाडी पोचायची आणि मुकादमाला पत्ता नसायचा. अशा बोलण्याची सवय जडली की घरी आल्यावरही गळ्यातून आवाज निघेना. आईचा आवाज असाच गेला. उरली ती घशातली नुसती हवा. बाहेरच्या माणसाला वाटायचं, ही मुकीच आहे.

आईच्या समोरच्या मागावर जी होती ती तिची जोडीदारीण. दोघींचे माग तोंडाला तोंड. पोरगी, म्हणजे आजच्या बाई, तिला जोडमावशी म्हणायची. रक्ताचं नातं नाही, पण आईला सख्ख्या बहिणी दोन होत्या आणि त्यांच्याशी ती वर्षात जेवढं बोलायची तेवढं जोडमावशीशी न्याहारीच्या आत बोलून मोकळी व्हायची. त्या बायकांचं एक गाणं होतं. तेही आवाजाशिवाय म्हणायचं. दोनशे बायका एका वेळी ओठ हलवायच्या:

कान नेले गं मागानं, डोळे ठेवले राखणीला,
जोडीदारीण बोलते, गोड लागतं पापणीला.

पोरगी शाळा सुटली की विणखात्याच्या दारात उभी राहून ते बघायची. गाणं ऐकू यायचं नाही, तरी तिला पाठ होतं.

ती पाच वर्षांची असल्यापासून आईचं तोंड झाली होती. दवाखान्यात, दुकानात, शाळेत मास्तरांसमोर, घरमालकासमोर. आई पोरीकडे बघून ओठ हलवायची, पोरगी वळून ते समोरच्याला सांगायची. तो बोलायचा, पोरगी परत आईकडे वळायची. दिवसातून शंभरदा वळायची. जोडमावशी चिडवायची, "ही मोठी झाल्यावर पवनचक्की होणार."

पोरगी दहा वर्षांची असताना जोडमावशीचा हात पट्ट्यात गेला. उजव्या हाताची तीन बोटं.

चौकशी लागली. मागाच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. ती जाळी त्या दिवशी जागेवर नव्हती. ती का नव्हती, एवढाच सवाल होता. गिरणीची चूक ठरली तर जखमी बाईला जन्मभर घडीखात्यात बसून करायचं काम मिळे. तिची स्वतःची चूक ठरली तर फाटकाबाहेर. समोर उभी असलेली, सगळं डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार एकच, आई. आणि आईचं तोंड म्हणजे ही पोर.

खोलीत लांब टेबल होतं. मोठे साहेब, लेखनिक, दाराशी मुकादम. आईला मागं भिंतीला लागून स्टुलावर बसवलं होतं. आईनं पोरीला जवळ ओढलं, तिच्या तोंडासमोर तोंड धरून म्हणाली, "सांग, जाळी मुकादमानं सकाळी काढली. माल निघत नव्हता म्हणून. ती दोनदा नको म्हणाली. तो ऐकला नाही. एवढंच सांग."

पोरगी वळली. तिनं तेवढंच सांगितलं.

साहेब घड्याळाला किल्ली देत होते. लेखनिक पेन्सिलीला टोक काढत होता. कुणी मान वर केली नाही. "आणखी काही?" साहेब घड्याळालाच विचारल्यासारखं म्हणाले.

आईचं बोलणं टेबलावर पडून होतं आणि कुणी उचलत नव्हतं. पोरीला वाटलं, यांना जोडमावशी कोण ते ठाऊकच नाही, मग यांना दया कुठून येणार? यांना ती दाखवली पाहिजे. आणि ती दाखवायला लागली. दोघी मागांवरून कशा बोलतात ते. जोडमावशी आपल्या सासूची नक्कल कशी करते ते: चष्मा कपाळावर आणि म्हातारी घरभर चष्मा शोधतेय, उशीखाली, पातेल्यात, शेवटी मांजराला उचलून त्याच्याखाली. लेखनिक फसकन हसला. साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. "मग?" ते म्हणाले.

मग. एवढं गोड तिनं जन्मात काही ऐकलं नव्हतं. तीन मोठी माणसं तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होती. पोरगी सांगत गेली. मग आई हसली, मग मावशी हसली, हसता हसता मावशीचा हात इकडं आला. तिनं आपला हात तसा नेला, आणि थांबली. साहेबांच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. मुकादमानंसुद्धा मान खाली घातली.

त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. ती नक्कल जोडमावशीनं सुट्टीच्या दिवशी घरी केली होती, चहा पिताना. अपघाताच्या वेळी कुणी हसत नव्हतं.

आईला पोरीची पाठ दिसत होती, आणि पाठीपलीकडं साहेबांचा चेहरा. तो कठोर होता, मऊ झाला. आईला वाटलं, आपलं बोलणं पोचलं. जिना उतरताना तिनं पोरीचा हात एवढा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

आठ दिवसांनी फाटकावर कागद लागला. समोरच्या मागावरील विणकर बाईच्या साक्षीवरून असं दिसतं की अपघाताच्या वेळी सदर बाई थट्टामस्करी करीत होती. कामात लक्ष नव्हतं. जोडमावशी फाटकाबाहेर गेली.

आई तिला भेटायला गेली तेव्हा जोडमावशी खाटेवर होती. आईला बघून तिनं तोंड भिंतीकडे केलं. आईनं खांद्याला हात लावला. ती वळली नाही. ओठांनी बोलणाऱ्या माणसांत तोंड फिरवलं की संपलं. दुसरी शिवी लागत नाही. आई घरी आली आणि पोरीला समोर बसवून म्हणाली, "ती माझ्याशी बोलत का नाही?"

"दुखत असेल हात," पोरगी म्हणाली.

त्यानंतर आईला बोलायला कुणी उरलं नाही. समोरच्या मागावर नवी मुलगी आली, तिला ओठ वाचता यायचे नाहीत. मग रोज संध्याकाळी आई पोरीला खिडकीशी बसवायची आणि म्हणायची, "बोल." पोरगी दिवसभराची गल्ली तिला आणून दाखवायची. दूधवाला कसा भांडला, शेजारीण काय म्हणाली, मास्तर कसे शिंकले. वाक्य लांबलं की आईच्या कपाळावर आठी यायची, म्हणून वाक्यं आखूड झाली. एका वेळी एकानंच बोलायचं. नेमका शब्द, मग थोडं थांबायचं, मग दुसरा. पुढं लोकांनी ज्याला बाईंची शैली म्हटलं, ती त्या खिडकीत आईच्या आठीनं घडवली होती.

आणि नाटकं? प्रत्येक नाटकात कुणीतरी दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं. वकील, दुभाषी, पत्रं लिहून देणारा कारकून. सगळ्यांत गाजलं ते *साक्ष*. त्यात दहा वर्षांची एक पोर साहेबांपुढं उभी राहते, दाराशी मुकादम असतो, आणि ती पोर खरं बोलते. एवढंच, निडरपणे, खरं बोलते. हजार प्रयोग झाले. माणसं डोळे पुसत बाहेर पडायची. पहिल्या प्रयोगानंतर आईनं बाईंचे गाल दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, "अगदी अश्शीच बोलली होतीस तू."

त्या रात्री बाईंना सत्काराचा हार गळ्यात असतानाच ओकारी झाली होती.

*

"जवळ ये. आणखी जवळ. हां, इथं," आई म्हणाली. खिडकीतलं सकाळचं ऊन बाईंच्या तोंडावर पडेल असं तिनं त्यांना खांद्याला धरून बसवलं. "आता फक्त तोंड दिसतंय तुझं. डोळे कुठं ठेवून आलीस?"

"डोळे आहेत, आई."

"असू देत. पिकलेले केस दिसत नाहीत हे बरं. परत लग्नाची वाटतेस."

आई हसली. तिचं हसणंही बिनआवाजी. स्वयंपाकघरात आईला सांभाळणाऱ्या ताई भांडी विसळत होत्या. दिग्दर्शकाचा फोन सकाळपासून चारदा येऊन गेला होता. बाईंनी तो बंद करून ठेवला होता.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. ओठ सावकाश, मोठे. इतकी वर्षं मनात किती वेळा लिहून खोडलेली वाक्यं, पण तोंडातून निघाली ती दहा वर्षांच्या पोरीची. "आई, चौकशीच्या दिवशी मी तू सांगितलेलं सांगितलं. ते ऐकत नव्हते. मग मी माझ्या मनचं सांगितलं."

आईची बुबुळं बाईंच्या ओठांवर टाचून ठेवल्यासारखी होती. बाईंनी नक्कल सांगितली. चष्मा, पातेलं, मांजर. आई मध्येच म्हणाली, "ती तिनं त्या दिवशी केली नव्हती."

"नाही."

"मग कुठनं आणलीस?"

"सुट्टीच्या दिवशी घरी केली होती, तिथनं."

आईनं कोरडे पडलेले ओठ जिभेनं ओले केले. "का?"

"ते माझ्याकडे बघत नव्हते, आई."

"आणि मग बघितलं त्यांनी."

"हो."

"मलाही दिसलं ते. मी म्हटलं, माझी पोर काय बोलली बघा." ऊन बाईंच्या हनुवटीवरून खाली गळ्यावर आलं. "ती भिंतीकडे तोंड करून मेली," आई म्हणाली. "मी साहेबाला शिव्या दिल्या, मुकादमाला दिल्या. देवालासुद्धा सोडलं नाही. घरात होतीस तू."

आणि तिनं डोळे मिटले.

आई रागावली की डोळे मिटते हे बाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. इतरांच्या आया दार आपटायच्या, आई पापण्या आपटायची. पण ते घटकाभर. या वेळी दुपार झाली, आईनं डोळे उघडले नाहीत. जेवली ती मिटल्या डोळ्यांनी, चाचपडत. संध्याकाळ झाली. बाईंनी तिचं मनगट धरलं. तिनं सोडवून घेतलं. तळहातावर बोटानं काहीतरी रेखायला गेल्या; आईनं मूठ वळली. बाई गुडघ्यांवर बसून त्या मिटल्या पापण्यांपुढं ओठ हलवत राहिल्या. आई, बघ. आई, एकदा बघ. ज्यांच्या एका वाक्यासाठी माणसं रांगा लावायची, त्या बाईंचं बोलणं दीड हातावर पडून सुकत होतं.

दुसरा दिवसही तसाच गेला. पंधरवड्यातले दोन.

"असं करू देऊ नका ना तिला," बाई ताईंना म्हणाल्या, जणू ताईंच्याच हातात होतं. "काहीतरी सांगा. तिची नजर वाया चाललीय."

ताई उशीचा अभ्रा बदलत होत्या. सात वर्षं या घरात होत्या, जीभ सैल झाली होती. "त्यांची नजर त्यांची आहे. वाया घालवतील नाही तर लोणचं घालतील."

"मला तिला सांगायचंच होतं. आत्ता नाही तर कधी?"

"सांगायचं होतं ना? सांगितलंत. तुमचं डोकं हलकं झालं, आजींचं जड झालं. गाठोडं तेच, हमाल बदलला." त्यांनी अभ्र्याचं टोक झटकलं. "चिडू नका. मी आपली अडाणी."

बाई चिडल्या नाहीत. हॉलमध्ये जाऊन त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दिग्दर्शक दारात येऊन गेला. त्याला त्यांनी बाहेरूनच परतवलं. पाच दिवसांवर पहिला प्रयोग होता आणि तिसरा अंक अजून बसत नव्हता. बसणार नव्हताच. त्यातही कुणीतरी कुणाच्या वतीनं बोलत होतं, फार सुंदर बोलत होतं. बाईंना ती सगळी पानं चुरगाळून तोंडात कोंबावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं डोळे उघडले. ताईंनी पुढं केलेला कप तिच्या हाताला पहिल्यांदा लागला नाही. हात शेजारून गेला. दुसऱ्यांदा लागला.

"तिची बेबी कुठं असते?" तिनं विचारलं.

बेबी म्हणजे जोडमावशीची मुलगी, बाईंच्याच वयाची. लहानपणी दोघी एका वाटीतलं दोन चमच्यांनी खायच्या. "बाजारामागच्या गल्लीत," बाई म्हणाल्या. "कपडे लहानमोठे करून देते. दुकान आहे."

"ने मला. आज."

"आई, पायऱ्या आहेत तिथं. मी तिला इथंच बोलावते."

"बोलावून? तुझ्या घरी, तुझ्या खुर्चीवर बसवून?" आईनं कप खाली ठेवला. "तिच्याकडे जाऊन तिला सांगायचं. मी समोर बसणार. तुझं तोंड मला दिसलं पाहिजे. एक शब्द बदललास तर कळेल मला."

*

दुकान दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरेल एवढं. शिलाईचं यंत्र, वाफेची इस्त्री, दोरीवर टाचण्या लावलेल्या पाटलोणी, कोपऱ्यात उंच आरसा. बेबी गुडघ्यांवर बसून एका कोटाची किनार मोजत होती. तोंडात टाचण्या. तिनं वर पाहिलं, बाईंना ओळखलं, आणि टाचण्यांच्या फटीतून म्हणाली, "अगं बाई. नाटकवाल्या बाई आमच्या गल्लीत. वाट चुकलात का?"

मग तिला मागं आई दिसली. ती उठली. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून तिनं मनगटावरच्या उशीला खोचल्या, ओठ मोकळे केले, आणि आवाज न काढता म्हणाली, "मावशी, बसा." तीही विणखात्यातल्या बाईचीच मुलगी.

आई बाईंच्या दंडाला धरून उभी होती. बाईंनी तिला खुर्चीपर्यंत नेलं. आईनं हात पुढं करून खुर्चीची पाठ शोधली, बसली, आणि स्वतःसमोरच्या जागेकडे बोट दाखवलं. बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. आईनं त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरून थोडी डावीकडे केली.

"हे काय चाललंय?" बेबी म्हणाली.

"तुला काही सांगायचंय. आई म्हणाली तिच्यासमोर सांग."

"सांगा. आम्ही तिकीट काढूनही ऐकलंय तुमचं." बेबी इस्त्रीजवळ जाऊन उभी राहिली. "*साक्ष* बघितलं आम्ही. आईला घेऊन गेले होते. लोक म्हणाले, तुमच्या मिलचं नाटक आहे. मध्यंतराच्या आधीच उठली ती. रस्त्यात म्हणाली, आईनं माझ्याविरुद्ध साक्ष दिली आणि लेकीनं ती धुऊन वाळत घातली. त्यानंतर तुमचं नाव घरात निघालं नाही."

बाईंना हे ठाऊक नव्हतं. हजार प्रयोगांतल्या एका प्रयोगाला जोडमावशी मागं कुठंतरी बसली होती.

त्यांनी आईकडे तोंड ठेवलं आणि बेबीसाठी आवाज काढला. "चौकशीला आई स्टुलावर बसली होती. तिनं मला सांगितलं, जाळी मुकादमानं सकाळी काढली. माल निघत नव्हता म्हणून. जोडमावशी दोनदा नको म्हणाली. मी ते साहेबांना सांगितलं."

आईनं मान हलवली.

"साहेब ऐकत नव्हते." बाई थांबल्या. आईनं परत मान हलवली, जिथं हलवायला नको होती तिथं. बाईंनी ओठ मिटले आणि बघत राहिल्या. आई मान हलवतच होती. तिची नजर त्यांच्या तोंडावर नव्हती. खांद्यापलीकडं, आरशावर पडलेल्या उजेडाच्या तुकड्यावर होती. बाईंनी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं, "आई, तुला दिसतंय का?" आईनं मान हलवली. तोच वेग, तीच लय.

पायऱ्या चढताना तिनं दंड घट्ट धरला होता. गल्लीत एकदा विचारलं होतं, "आज आभाळ आलंय का?" आणि ऊन तर लख्ख होतं. बाईंनी तेव्हा नुसती नाही म्हणून मान हलवली होती.

ती मघापासून त्यांना बघत नव्हती. हनुवटी धरली ती हातानं शोधून.

खोलीत आता तपासायला कुणी नव्हतं. बेबीला काहीच ठाऊक नव्हतं. तिला जे मिळेल तेच खरं. आणि बाईंच्या तोंडाशी वाक्यं तयार उभी होती, न बोलावता आलेली, नटलेली: मुकादम दाराशी उभा होता, त्यानं आदल्या दिवशी मला गाठलं, तुझ्या आईचाही माग जाईल म्हणाला, मी दहा वर्षांची होते. बेबी रडली असती. बेबीनं जवळसुद्धा घेतलं असतं. त्या वाक्यांत तोल होता, श्वास घ्यायच्या जागा होत्या. आईला घरी जाऊन काहीही सांगायची सोय उरली नव्हती, म्हणजे काहीही सांगावं लागणार नव्हतं.

"पुढं?" बेबी म्हणाली.

बाईंनी स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या.

"मला कुणी धमकावलं नाही," त्या म्हणाल्या. "साहेब माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून मी तुझ्या आईची नक्कल केली. ती आईला हसवत होती आणि हसता हसता तिचा हात गेला, असं मी सांगितलं. तसं झालं नव्हतं. मी बनवलं. त्यांना आवडलं. आईनं तसलं काही सांगितलं नव्हतं. तिला मी तोंड दिसू दिलं नाही. परवापर्यंत तिला ठाऊक नव्हतं."

ओठ त्यांनी शेवटपर्यंत सावकाश आणि मोठे हलवले, आरशातल्या उजेडाकडे बघणाऱ्या आईसाठी.

इस्त्री वाफ सोडत होती. बेबीनं हात लांब करून बटण बंद केलं. "माझी आई दोन बोटांनी सुई धरायला शिकली," ती म्हणाली. "मला शिवायला तिनंच शिकवलं. दोन बोटांनी." मग बाईंकडे न बघता म्हणाली, "आणि आम्ही मावशीला शाप देत बसलो."

आईचं मान हलवणं थांबलं होतं. बोलणं संपलं असावं एवढं तिला हवेवरून कळलं असेल. तिनं तोंड वळवलं, लेकीकडे नाही, जिथं बेबी असेल असं तिला वाटलं तिकडे, दोरीवरच्या पाटलोणींकडे, आणि ओठ हलवले. "बेबी. सांगितलं का हिनं? जसं झालं तसं सांगितलं का?"

बेबीनं मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं आईच्या डोळ्यांपुढं हात धरला, खालीवर केला. बुबुळं हलली नाहीत. तिनं बाईंकडे बघितलं आणि बाईंचा चेहरा बघून तिला विचारावं लागलं नाही.

"बेबी?" आईचे ओठ परत हलले. "खरं बोलली का माझी पोर?" तिचे हात मांडीवर एकमेकांना चोळत होते. ती वाट बघत होती. तिला उत्तर द्यायला जगात कुणाकडे काही नव्हतं. बाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या, आणि तशाच राहिल्या. त्यांचं हो आता कवडीमोल होतं.

बेबी खाली बसली, आईच्या पायांशी. बाईंना वाटलं ही आता उठून निघून जाईल, आणि तिचा हक्क होता. मग तिनं आईचा एक हात उचलला, पंजा आपल्या गालावर पसरून दाबून धरला आणि मान हलवली. वर, खाली. वर, खाली. आईची बोटं गालाबरोबर वर गेली, खाली आली. आईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिचं तोंड उघडं राहिलं आणि घशातून हवा निघाली, लांब, बिनआवाजाची.

"तू बाहेर थांब," बेबी बाईंना म्हणाली. पन्नासएक वर्षांनी ती त्यांना तू म्हणत होती, आणि त्यात माया नव्हती.

बाई उठल्या. दारापर्यंत चार पावलं. आई बेबीच्या गालावरचा हात न काढता बोलायला लागली होती, भराभर, जसं मागांवरून बोलायची तसं, आणि बेबी तिच्या ओठांकडे बघत होती. आरशात ते ओठ बाईंनाही दिसले असते. त्यांनी तिकडं बघितलं नाही.